गुरुवारचा धूर

ही हकिगत मी बरीच वर्षं टाळली. वाईला परतल्यापासून कुणी नवी मुंबईबद्दल विचारलं की मी तिथले रुंद रस्ते सांगायचो, हिवाळ्यात खाडीवर उतरणारे रोहित पक्षी सांगायचो आणि विषय दुसरीकडे न्यायचो. यंदा चार-पाच दिवस पुन्हा तिकडे जाऊन आलो. जे पाहिलं ते माझ्या कल्पनेपेक्षा इतकं वेगळं निघालं, की आता सांगितल्यावाचून राहवत नाही. आणि ते सांगायचं तर आधीचं सांगावंच लागेल.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत इमारत, वीज, पाणी, जनरेटर आणि कॅन्टीन सांभाळणाऱ्या खात्याचा प्रमुख होतो. एके वर्षी कंपनीने मोठ्या समारंभात वचन दिलं, की ठरावीक मुदतीत आमच्या कामातून हवेत जाणारा कार्बन शून्यावर आणू. वचन देणारे व्यासपीठावर होते. ते पाळून दाखवण्याचं काम माझ्या टेबलावर आलं. सॉफ्टवेअर कंपनीला भट्टी नसते, बॉयलर नसतो. तिचा धूर म्हणजे तिची वीज. आमच्याकडे सर्वांत जास्त वीज खायची ती तळमजल्यावरची मोठी सर्व्हरची खोली आणि तिच्यासाठी ठेवलेले डिझेल जनरेटर. मी सुचवलं, की ही यंत्रं आपल्या इमारतीतून काढून ऐरोलीकडच्या एका भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये ठेवू. तसं झालं. आमचा आकडा एका वर्षात कोसळला. यंत्रं तीच, चालायचीही तितकीच, पण धूर आता घरमालकाच्या नावावर लागत होता. माझा सत्कार झाला.

त्या डेटा सेंटरच्या मागच्या भिंतीला लागून खाडीकाठचं एक जुनं गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या वचनाचाच भाग म्हणून आम्ही त्या गावात तिवरांची रोपं लावायचा कार्यक्रम केला. देवळासमोरच्या मांडवात मी माइकवर म्हणालो, ‘आमच्या कंपनीचा धूर आता संपल्यात जमा आहे.’ टाळ्या झाल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. हिराबाई तिचं नाव.

‘मंग आमचे गच्चीवर काला पडतं, तो कोनाचा? माझा जवला सगला खराब झाला.’

जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी. ती गच्चीवर पसरून वाळवतात. मी हसून म्हणालो, ‘तुमच्या चुलीचा असेल, बाई.’

लोक हसले. ‘माझे घरात गॅस हाय,’ ती म्हणाली. आता लोक मला हसले.

‘मग शेजारच्या चुलीचा असेल.’

या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्या माना एकदम एका बाजूला वळल्या. तिथे हिरव्या लुगड्यातली एक वयस्क बाई बसली होती आणि खाली बघत होती. त्या माना का वळल्या, हे विचारायचं मला सुचलं नाही. पुढचा सत्कार सुरू झाला.

तो काळा थर कुणाचा होता हे मला पक्कं ठाऊक होतं. वीज जाते तेव्हाच जनरेटर चालतात असं नाही. ते ऐनवेळी दगा देऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा नुसतेच चालवून बघतात. डेटा सेंटरच्या व्यवस्थापकाने मला स्वतः भिंतीपाशी नेऊन दाखवलं होतं, की चाचणीच्या दिवशी काजळी गावाच्या बाजूला उतरते. चिमण्या उंच करायच्या आणि गाळण्या बसवायच्या तर मोठा भाडेकरू म्हणून आम्ही खर्चात वाटा उचलावा, अशी त्याची विनंती होती. मी नकार दिला. चिमणीला हात लावला असता तर तो धूर आमचा आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि मग आमच्या आकड्याचं काय?

मात्र हिराबाईचा चेहरा डोळ्यासमोरून जाईना. म्हणून मी एक उपकार केला. चाचणी बुधवारी व्हायची. ऑफिसात जेवायच्या सुट्टीत मी वर्षानुवर्षं डबे पाहिले होते. बुधवारी मासळीचा वास, गुरुवारी वालाची उसळ. गुरुवारी ही माणसं मासळी खात नाहीत, म्हणजे गुरुवारी गच्चीवर मासळी नसणार, असा मी हिशेब केला आणि व्यवस्थापकाला फोन करून चाचणी गुरुवारी करून घेतली. माझ्या घरात कधी मासळी शिजली नाही. तिच्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं. पुढे लवकरच मी निवृत्त झालो.

यंदा कंपनीतून फोन आला. वचन मुदतीआधी पूर्ण झालं आहे, शुक्रवारी समारंभ आहे, पहिली वीट तुमची, म्हणून तुम्ही यायलाच हवं. मी हो म्हणालो, पण मंगळवारीच निघालो. आमचा धूर गेला तो नक्की कुठे गेला, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. आणि हिराबाईला भेटून खरं काय ते सांगायचं होतं.

मंगळवार, कोपरखैरणे

उतरलो चुलतभावाकडे. बबन माझ्याहून लहान. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात त्याने आयुष्यभर पोती उचलली. आता पाठ बसली, पण रोज सकाळी मार्केटात एक फेरी मारल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. कोपरखैरण्याच्या त्या गल्लीत मराठी ऐकावी तर आमच्या सातारा-कोरेगावकडची. दारात तुळस, जिन्यात मुलांच्या सायकली, आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी ‘पाव्हनं कवा आलं?’ म्हणून विचारतं. वाईत आता कुणी असं विचारत नाही.

बबनची बायको शालन ज्वारीची भाकरी थापत होती. बबनने विषयाला थेट हात घातला.

‘आप्पा, मला एक सांग. तू म्हंतोस कंपनीचा धूर. आरं, कॉम्प्युटरला धूर कुठनं येतो? त्यो काय बंब हाय व्हय?’

मी समजावलं. आपण मोबाइलवर काही बघतो, ते कुठल्यातरी यंत्रात ठेवलेलं असतं. ती यंत्रं रात्रंदिवस चालतात, तापतात, त्यांना गार ठेवायलाही वीज लागते. वीज कुठेतरी कोळसा जाळून येते. मग आम्ही ती यंत्रं भाड्याच्या जागेत कशी नेली आणि आमचा आकडा कसा उतरला, तेही सांगितलं.

शालनने भाकरी उलटली. ‘म्हंजे आमच्या सोसायटीवानीच की. जिन्यातला कचरा उचलून गच्चीत नेला आन् जिना स्वच्छ म्हनून बक्षीस घेतलं.’

बबन एवढा हसला की त्याला ठसका लागला. मीही हसलो. हसता हसता वाटलं, हे वाक्य त्या वेळी कुणी मीटिंगमध्ये म्हणालं असतं तर बरं झालं असतं. पण मीटिंगमध्ये असं कुणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबन मला मार्केटात घेऊन गेला. ट्रकांच्या रांगा, कांद्याच्या सालींचा पायाखाली गालिचा, आणि डोक्यावर पोतं घेऊन ‘चला, बाजू!’ म्हणत अंगावर येणारी माणसं. मी बाजूला व्हायला गेलो आणि चिखलात पाय घातला. बबनच्या ओळखीच्या एका पोऱ्याने माझा बूट नळाखाली धरून दिला. ‘सायब, मार्केटात बूट घालून येत्यात व्हय?’ बबन म्हणाला, ‘सायब नाय त्यो, आमचा आप्पा हाय.’ ते ऐकून फार बरं वाटलं. त्या प्रवासात मला कुणी साहेब म्हणू नये असं सारखं वाटत होतं.

बुधवार, ऐरोलीकडे

दुपारी रेवती भेटली. माझ्या निवृत्तीच्या आधी काही महिने ती माझ्या हाताखाली नवीन लागली होती. आता दुसऱ्या कंपनीत हेच, धूर मोजायचं काम करते आणि घणसोलीत राहते. तोंडाने फटकळ, मनाने निर्मळ.

‘सर, तुम्ही किती बारीक झालात! दाढी पण! रस्त्यात दिसला असतात तर ओळखलंच नसतं.’

रिक्षात तिने मला आताची पद्धत शिकवली. कंपनीचा धूर तीन खात्यांत लिहितात. पहिलं, आपण स्वतः जाळलेलं डिझेल. दुसरं, आपण विकत घेतलेली वीज. तिसरं, आपल्यासाठी दुसऱ्या कुणीतरी जे जाळलं ते. भाड्याची यंत्रं, विमानं, कर्मचाऱ्यांच्या गाड्या.

‘मग वचन पूर्ण झालं म्हणजे कुठल्या खात्याचं?’ मी विचारलं.

‘पहिल्या दोनचं. तिसऱ्यासमोर लिहिलंय, काम चालू आहे.’ ती हसली. ‘टेन्शन नका घेऊ सर, सगळेच असं लिहितात. आणि सगळंच खोटं नाहीये. आता बरीच वीज खरंच सौर आहे. तुमच्या वेळेला तर मोजायलाच कुणी तयार नव्हतं.’

रेवतीच्या ओळखीने आम्हाला डेटा सेंटर आतून पाहता आलं. छातीवर पाहुण्याची चिकटपट्टी, पायांत प्लास्टिकच्या पिशव्या. मी ती यंत्रं तिथे पाठवली, पण त्यानंतर कधी बघायला गेलो नव्हतो. आत काय असेल याची मला लहान मुलासारखी उत्सुकता होती.

आत एकही माणूस नव्हता. माणसाच्या उंचीची काळी कपाटं, जाळीच्या दारांमागे लुकलुकणारे दिवे, आणि एक अखंड आवाज, धबधब्याजवळ उभं राहिल्यावर येतो तसा. एका गल्लीत पाचगणीची थंडी. पलीकडच्या गल्लीत वळलो तर गुऱ्हाळाच्या चुलवणासमोर उभं राहावं तशी धग. यंत्रं एका बाजूने गार हवा ओढतात आणि दुसऱ्या बाजूने तापलेली सोडतात. मी दोन्ही गल्ल्यांतून पुन्हा पुन्हा फिरलो. नवा व्यवस्थापक, तरुण माणूस, कौतुकाने बघत होता.

‘यात आमची यंत्रं कुठली?’

‘तुमची जुनी तर केव्हाच भंगारात गेली, काका. जागा तीच आहे. आता तिथे तिप्पट मावतात.’

मागच्या अंगणात जनरेटर होते, एकेक बसएवढा. ‘हे दर आठवड्याला चालवून बघता?’

‘दर गुरुवारी.’

‘गुरुवारीच का?’

‘काय माहीत. आधीपासून गुरुवारच आहे. कुठल्यातरी जुन्या क्लायंटची रिक्वेस्ट होती म्हणे.’

आम्ही गच्चीवर गेलो. खाली खाडी, तिवरांचा गर्द पट्टा आणि भिंतीपलीकडे ते गाव. घरांवर निळे-पांढरे पत्रे टाकलेले. लांबचे पत्रे उन्हात चकाकत होते. भिंतीलगतचे पत्रे काळपट होते, जणू कुणी वरून शेगडी झटकली असावी. खालून, गल्लीतून, ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं.

आमच्याकडे गुऱ्हाळ पेटलं की धूर कुणाचा हे अख्ख्या शिवाराला ठाऊक असतं. गूळ खाणारालाही ठाऊक असतं. इथे उभ्या शहराला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो वाईला जाऊन बसला होता.

गच्चीवरच मी रेवतीला सगळं सांगितलं. मांडव, शेजारची चूल, चिमणी, गुरुवार. ती पत्र्यांकडून माझ्याकडे वळली.

‘हिराबाई म्हणजे त्या देवळाशेजारच्या? सर, मी त्यांच्याकडून सुकट घेते! उद्या चला. जाऊन सांगा ना सरळ. काय करतील? दोन शिव्या देतील.’

मलाही तसंच वाटलं. दोन शिव्या खायची माझी तयारी होती. रात्री बबनकडे अंथरुणावर पडल्या पडल्या मी वाक्य जुळवलं आणि बऱ्याच वर्षांनी शांत झोपलो.

गुरुवार, खाडीकाठ

गावात शिरताना पूर्वीची ओळख पटेना. कौलारू घरांच्या जागी चार-चार मजले, खाली भाड्याची दुकानं, वर भाडेकरू. फक्त देऊळ आणि हिराबाईचा ओटा तेवढा जुना. ओट्यासमोर बांधावर ताडपत्री पसरलेली आणि तिच्यावर जवळा, गुलाबीसर, उन्हात चमकणारा. वास असा, की पहिल्यांदा मी श्वास धरला. थोड्या वेळाने लक्षात आलं, की तो वास आपण विसरून गेलो आहोत.

‘ये गो रेवती! आनि यो बाबा कोन?’

‘माझे जुने साहेब, आजी. वाईहून आलेत. सुकट कशी करतात ते बघायचंय त्यांना.’

‘सायब म्हनल्यावर खुर्ची लागंल.’ हिराबाई आतून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यापर्यंत कासोटा, हातात वाळलेला जवळा चाळायची चाळण. तिने मला ओळखलं नव्हतं. दाढी, चष्मा, आणि अंगावरचं निम्मं मांस गेलेलं. रेवतीने माझ्याकडे एकदा बघितलं, ‘एक कॉल घेते’ म्हणाली आणि मुद्दाम देवळाकडे निघून गेली.

मी सुरुवात करायची म्हणून विचारलं, ‘आज तर गुरुवार. गुरुवारी मासळी कशी?’

हिराबाई एवढी हसली की चाळण खाली ठेवावी लागली.

‘दादा, खाची नाय म्हनून तं सुकवाची! बुधवारी धरला तो बुधवारीच इकला जातं. गुरुवारी कोन खातं? बाजारात गिऱ्हाईक नाय. मंग उरला तो सगला उन्हात. तुमचेकडं दूध उरला तं काय करताव?’

‘दही लावतो.’

‘तसाच.’

आठवड्यातला नेमका जो दिवस गच्च्या जवळ्याने भरलेल्या असत, तोच मी उपकार म्हणून निवडला होता. एवढ्यात तिने तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं पुढे ठेवलं. ‘आज गुरुवार, नायतं कालवन खिलवला असता.’ नको म्हणून चालेना. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग आग्रह अशी चढण असते. इथे थेट ताट आलं. बिरड्यात नारळ सढळ हाताने घातलेला. मी भुकेला नव्हतो, तरी सगळं खाल्लं.

‘पूर्वी तुम्ही गच्चीवर सुकवायचात ना?’

‘तुमाला कोन बोलला?’

‘रेवती म्हणाली.’ मी आणखी एक खोटं बोललो.

‘हो. मी आनि माझी जाव, काशीबाय. मोठी ती. लगीन होऊन आलू तवा जवला कसा पसराचा, तिनीच मना शिकवला. आमचे गच्च्या लागून. एकीनी पसराचा, एकीनी कावले हाकलाचे.’ ती चाळण हलवत होती. ‘मंग काला पडाला लागला. जवल्यावर काजली. बाजारात बाया हातात घेऊन टाकून द्याच्या. मना कलंना कुठशी येतं.’

मला ठाऊक होतं आता काय येणार. पण पुढचं निम्मं मला ठाऊक नव्हतं.

‘एक कंपनीचा सायब आलता, झाडा लावाला. तो बोलला, शेजारचे चुलीचा. माझा शेजार म्हनजे कोन? काशीबायच. ती गुरुवार धरतं. मासलीचे भांड्याला भांडा लागू नये म्हनून परसात न्यारी चूल केलेली, गुरुवारचीच पेटवाची. तरी मी इस्वास ठेवला नाय. बोललू, बघू. तं बघितला. आधी बुधवारचा पडाचा. तो सायब येऊन गेला आनि मंग गुरुवारचाच पडाला लागला. दर गुरुवारी. तिची चूल पेटली का माझा जवला काला.’

मी ताट खाली ठेवलं.

‘मी तिला बोललू, चूल हलव. ती बोलली, माझे चुलीचा नाय. मी बोललू, मंग सायब खोटा बोलला काय? शिकलेला मानूस. त्याचा काय जातं आमचेशी खोटा बोलून?’

दोघींचं बोलणं तुटलं. मुलांनी गच्च्यांमध्ये भिंत घातली. पुढे दोन्ही गच्च्यांवर पत्रे टाकले गेले आणि वाळवण बांधावर आलं, जिथवर काजळी पोचत नव्हती. काशीबाई लेकीकडे उरणला गेली.

‘आता पडून हाय. तिचा भाचा येतं, तो सांगतं, तुझा नाव घेतं. बोलावतं.’

‘मग जाऊन या ना.’

‘मी काय बोललू, एकदा तिनी बोलावा. हिरे, माझीच चूल होती, चुकला माझा. एवढाच. मंग मी उठून जाईन. कोलंबी घेऊन जाईन. तिला कोलंबीचा भात लय आवडतं.’

त्याच वेळी घरघर सुरू झाली. हिराबाईची पाठ त्या करड्या इमारतीकडे होती, माझं तोंड. भिंतीवरच्या नळकांड्यातून काळ्या धुराचा एक लोट उठला, गावाच्या बाजूला कलला आणि पत्र्यांवर विरत गेला. मागून पातळ, राखाडी धूर येत राहिला.

‘पंप चालू झाला त्यांचा,’ मान न वळवता ती म्हणाली. ‘दर गुरुवारी वाजतं.’

मला बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं बोट दाखवलं असतं तरी तिने वळून पाहिलं असतं, आणि काशीबाई सुटली असती. माझा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. मी तो उचललाही. पण दोन शिव्या खायच्या तयारीने आलेल्या माणसाला हे पेलवेना. ती जर वळली, तर तिला दिसणार होतं, की थोरल्या जावेला आपण इतकी वर्षं उगाच टाकलं. आणि ते तिला मी दाखवणार होतो, तिच्याच ताटात जेवून.

‘हिराबाई, तो...’

‘काय, दादा?’

‘तो जवळा... जरा झाकून ठेवा.’

ती पुन्हा हसली. ‘उन्हात झाकून कसा सुकंल? सायब खराच देशावरचा!’

निघताना तिने वाळलेला जवळा कागदात बांधून दिला. पैसे घेईना. ‘रेवतीचा सायब, तुमचा काय घेवाचा?’

कोपऱ्यावर रेवती थांबली होती. ‘सांगितलंत?’

‘नाही.’

‘सर,’ ती म्हणाली. एवढंच. आणि तिने रिक्षाला हात केला.

शुक्रवार आणि नंतर

समारंभ झगझगीत होता. मला व्यासपीठावर बोलावलं, शाल घातली, हातात तिवराचं रोप असलेली कुंडी दिली आणि माइक पुढे केला. समोर सगळी तरुण मुलं होती, बरीचशी मनापासून टाळ्या वाजवणारी. मी म्हणालो, ‘आभारी आहे.’ दुसरं काही सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं.

शनिवारी सकाळी मी वाईच्या गाडीसाठी उभा होतो. समोरून उरणची बस गेली. वेग कमी झाला होता, वाहकाने दारातून हातही केला. मी चढलो नाही.

जवळा अजून आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर आहे. घरात तो खाणारं कुणी नाही. हिची रोज कुरकुर चालते, हा वास किती दिवस ठेवायचा म्हणून. रेवतीला मी हे लिखाण पाठवणार आहे. तिने ओट्यावर बसून ते हिराबाईला वाचून दाखवावं अशी माझी इच्छा आहे, पण माझं काम तिच्यावर ढकलायची ही आणखी एक तऱ्हा झाली, हे मला कळतं. तरी बुधवारी रात्री बबनकडे जुळवलेलं वाक्य, गुरुवारी ओट्यावर जे ऐकलं त्याने वाढलेलं, इथे लिहून ठेवतो.

हिराबाई, तुमच्या जवळ्यावरचं काळं काशीबाईंच्या चुलीचं नव्हतं. ते आमचं होतं. मांडवात बोललो तेव्हाही मला ते माहीत होतं, आणि गुरुवारही मीच ठरवला. काशीबाईंचं काही चुकलेलं नाही. त्यांनी काही म्हणायची वाट पाहू नका, कोलंबी घ्या आणि उरणला जा. चुकला तो मी. मला माफ करा.